शेवटचा भिडू

"राजमाचीला कसलं आलंय प्लॅनिंग? सॅक उचलायची नि सुटायचं!"

हे अजरामर वाक्य माझंच. गेल्या वर्षी डिसेंबरात मेसमध्ये, तोंडात पोहे कोंबलेले असताना म्हटलेलं. पुढच्याच शनिवारी रात्री मी टॉर्च घेऊन जंगलात आमच्या एका ज्युनियरला हाका मारत फिरत होतो. म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही चौदा जण होतो. त्यातले सहा पहिल्यांदाच येणारे. लोणावळ्याहून राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीपर्यंतची वाट साधारण पंधरा किलोमीटरची, बरीचशी सपाट. माझं गणित सोपं होतं: ताशी चार किलोमीटर, म्हणजे चार तास. वडापाव, चहा, फोटो करून साडेबाराला निघालो. साडेचारला पोचून सूर्यास्त बघायचा, असा बेत.

आता इंजिनियर म्हणवणाऱ्या माणसाने जे आधी करायला हवं होतं ते करूया. 1892 साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम मांडला. तो आपल्या मापात असा: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. आपल्या वाटेला तीन तास, किरकोळ चढउतारांचा अर्धा तास, एकूण साडेतीन. पण हा हिशोब सराव असलेल्या माणसाचा, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. नवख्यांसाठी मी आता दीडपट करतो, म्हणजे सव्वापाच. वर दर तासाला दहा मिनिटं थांबा. झाले की सहा तास! डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तासभर उजेड हाताशी ठेवायचा तर पाचला पोचायला हवं, म्हणजे अकराला चालायला सुरुवात. आम्ही दीड तास उशीर लोणावळ्यातच करून बसलो होतो.

पुढे काय झालं असेल ते ओळखलंच असेल. ग्रुपची लांब माळ झाली. मी सगळ्यात पुढे, कारण "लीडर"! मध्येच थांबून मागे ओरडायचो, "सगळे ओके ना?" मागून उत्तर, "ओके!" सातच्या सुमारास गावाचे दिवे दिसले. मोजलं तर तेरा. पुन्हा मोजलं. तेराच.

पोटात गोळा आला. बाकीच्यांना गावात पाठवलं आणि आम्ही तिघे मागे फिरलो. दीडेक किलोमीटरवर एका फाट्याशी तो बसलेला सापडला, तेव्हा आठ वाजून गेले होते. बूट कोरे करकरीत, दोन्ही टाचांना फोड, पाणी केव्हाच संपलेलं, टॉर्च दुसऱ्याच्या सॅकमध्ये. फाट्यावर कुठली वाट घ्यायची कळेना, म्हणून बसून राहिला. त्याच्या या शहाणपणाने आम्ही वाचलो. अंधारात ढोरवाटांनी भटकला असता तर? तो विचार आजही नको वाटतो.

"अरे, सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सगळे पुढे चालले होते. माझ्यामुळे उशीर नको म्हटलं."

इथे चूक त्याची नव्हती. "ओके ना?" या प्रश्नाला नवखा मुलगा दुसरं काय उत्तर देणार? म्हणून आता प्रश्न बदललाय. बाटली दाखव, किती पाणी उरलंय? बूट कुठे घासतोय? घासायला लागल्याबरोबर तिथे चिकटपट्टी लावली तर फोड टळतो. आला की मग चालणं संपलंच.

बाकीचे नियमही त्याच रात्रीतून निघाले. सगळ्यात हळू चालणारा पुढच्या दोघांत, वेग त्याचा. सगळ्यात अनुभवी माणूस शेवटी, त्याच्यामागे कुणीही राहायचं नाही. प्रत्येक फाट्यावर थांबून मोजणी. टॉर्च, पाणी नि थोडा खाऊ ज्याचा त्याच्या पाठीवर. पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे तीन किलो वजन झालंच. तेव्हा जीन्सच्या दोन जोड्या नि ब्लूटूथ स्पीकर हॉस्टेलवरच शोभतात. जीन्स तशीही भिजली की लवकर वाळत नाही. ओआरएसची पाकिटं मात्र विसरू नका.

मुक्कामाचंही तसंच. उधेवाडीत घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते, पण डोकी किती ते आदल्या दिवशी कळवा. रात्री अचानक चौदा जणांच्या भाकऱ्या कोण थापणार? वाटेत मोबाईलची रेंज भरवशाची नाही. म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या, आणि नावांची यादी, वाट नि परतीची वेळ वॉर्डन सरांकडे ठेवून जा. सरांना चुकवून जाणाऱ्यांना शोधायला कुणी येत नाही, कारण ते गेलेत हेच कुणाला माहीत नसतं.

दुसऱ्या दिवशी श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले बघून कोंडाणे लेण्यांवरून कोंदिवड्याला उतरायचा बेत असतो. चढताना दम लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. उतरताना मांड्या ब्रेकचं काम करतात, गुडघे बोलायला लागतात, हे नवख्यांना ठाऊक नसतं. सकाळी प्रत्येकाचे पाय बघा. एकाचेही धड नसतील तर उतरण रद्द. लोणावळ्याकडे जीपचा कच्चा रस्ता आहे, त्याने मुकाट्याने परत. आम्ही तेच केलं. श्रीवर्धन तेवढा लांबूनच पाहिला.

यंदा पुन्हा राजमाचीला जातोय, अकरा नवीन चेहरे आहेत. निघायचं अकराच्या ठोक्याला. आणि सगळ्यांच्या मागून चालणार आहे तो फाट्यावर बसून राहिलेला पठ्ठ्या. त्याने स्वतःच मागून घेतलंय.