कृत्रिम दात किडत नाही, पण...

दंतरोपण करून घेतले की दातांच्या दुखण्यातून कायमची सुटका झाली, असा अनेकांचा समज असतो. टायटॅनियमचा स्क्रू किडत नाही, हे खरेच. परंतु ज्या हाडात तो रोवलेला असतो, ते हाड मात्र झिजू शकते. आणि या झिजेचे मूळ असते स्क्रूच्या पृष्ठभागावर वस्ती करणाऱ्या जिवाणूंमध्ये.

स्वीडनमधील शास्त्रज्ञ पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडावर संशोधन करताना आढळले, की हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाले आहे. याच गुणधर्माच्या आधारे त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात स्क्रू बसवले. २००६ मध्ये त्या रुग्णाचे निधन होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनी त्याला साथ दिली.

खडबडीतपणा: गुण आणि दोष

हाडाची पकड घट्ट व्हावी म्हणून आजच्या इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म खडबडीत केलेला असतो. हाडाच्या आत असेपर्यंत हा गुण ठरतो. पण हाड खाली सरकून तो उघडा पडला, की हेच खाचखळगे आणि स्क्रूचे आटे जिवाणूंना उत्तम आसरा देतात. तेथे जिवाणू सुटेसुटे राहत नाहीत. स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात ते थर करून राहतात. या थरात प्रतिजैविके पुरेशी भिनत नाहीत. म्हणूनच केवळ गोळ्या घेऊन किंवा चूळ भरून हा विकार हटत नाही. थर प्रत्यक्ष काढावाच लागतो.

नैसर्गिक दाताच्या मुळाशी हिरडीचे तंतू घट्ट जोडलेले असतात. इम्प्लांटभोवती तशी जोडणी नसते. परिणामी जंतुसंसर्ग हाडापर्यंत तुलनेने लवकर पोहोचतो.

सफाईची साधने

दात साफ करण्याची पोलादी अवजारे टायटॅनियमवर ओरखडे पाडतात. त्यामुळे प्लास्टिक, कार्बन-तंतू किंवा टायटॅनियमचीच अवजारे वापरली जातात. ग्लायसिन अथवा एरिथ्रिटॉलची बारीक पूड हवा व पाण्याच्या झोतातून मारली, तर थर निघतो आणि पृष्ठभागाला फारशी इजा होत नाही. विकार खोलवर गेला असेल, तर शस्त्रक्रियेने हिरडी उघडून टायटॅनियमच्या तारांचा फिरता ब्रश, सलाइन, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा एर्बियम लेझर यांची मदत घेतली जाते. अलीकडच्या एका पद्धतीत इम्प्लांटवर विशिष्ट द्रावण सोडून सौम्य विद्युतप्रवाह दिला जातो. पृष्ठभागावर निर्माण होणारे हायड्रोजनचे बुडबुडे जिवाणूंचा थर उचलून टाकतात.

मात्र यांपैकी कोणतीही एक पद्धत इतरांपेक्षा निर्विवादपणे श्रेष्ठ असल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही. झिजलेले हाड पूर्ववत भरून येईल, याचीही खात्री देता येत नाही.

रुग्णाच्या हातात काय?

सुदैवाने या विकाराची पहिली पायरी केवळ हिरडीच्या सुजेची असते. तेव्हा सफाई झाली, तर सूज ओसरू शकते. हाडाची झीज सुरू झाल्यावर मात्र वाट बिकट होते. अडचण ही, की बऱ्याचदा वेदना होतच नाहीत. म्हणून ब्रश करताना रक्त येणे, हिरडी लाल होणे, पू दिसणे किंवा तोंडाला दुर्गंधी येणे, यांकडे दुर्लक्ष करू नये.

इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंनी दातांच्या फटीत फिरणारा छोटा ब्रश रोज वापरावा. धूम्रपान टाळावे. मधुमेहींनी रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी. पूर्वी हिरड्यांचा विकार होऊन गेला असेल, तर अधिक दक्ष राहावे. आणि दुखत नसले, तरीही दंतवैद्यांनी सांगितलेल्या अंतराने तपासणी चुकवू नये. इम्प्लांट बसवून घेणे ही उपचाराची सांगता नसून, नियमित देखभालीचा तो आरंभ होय.