उष्णतेचा निचरा
ठाणे खाडीच्या पूर्वतीरावर, ऐरोली-महापे परिसरात जी डेटा सेंटरे उभी आहेत, त्यांतील सर्व्हर जितकी वीज घेतात, जवळजवळ तितकीच अखेर उष्णतारूपाने बाहेर टाकतात. आणि या उष्णतेच्या निचऱ्यासाठी पुन्हा वीज खर्ची पडते. बाष्पीभवनाचा स्वस्त उपाय कोकणपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, फारसा लागू पडत नाही. म्हणून थंड व तप्त हवेच्या वाटा विभक्त करणे, आत येणारी हवा 18 ऐवजी 27 अंश सेल्सिअसपर्यंत ठेवणे, पंख्यांचा वेग निम्मा करून त्यांची वीज सुमारे अष्टमांशावर आणणे आणि प्रखर तापणाऱ्या चिपांवरून नळ्यांतून द्रव खेळवणे, हेच मार्ग येथे श्रेयस्कर होत. डोंबिवलीनजीक पलाव्यातही असे प्रकल्प येऊ घातले असताना, वीज-पाण्याचा वार्षिक हिशेब जाहीर करण्याची अट सरकारने परवान्यातच घालावी.