राखेवरील वनीकरण : खताची मात्रा आणि वनस्पतींची विविधता

कोराडी औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. शेजारी खापरखेडा येथेही वीजनिर्मिती होत आली आणि या परिसरात कोळशाच्या राखेचे विस्तीर्ण साठे निर्माण झाले. कोळसा जळताना त्यातील नत्र वायुरूपाने निघून जाते. राखेत सेंद्रिय कर्ब व सूक्ष्मजीव जवळजवळ नसतातच. त्यामुळे वन उभारताना खत द्यावे की नाही, हा येथे वादाचा विषय नव्हे. कोणते, किती आणि केव्हापर्यंत द्यावे, हा आहे.

उन्हाळ्यात राख गावांवर उडते, म्हणून साठा लवकर झाकण्याची घाई स्वाभाविक असते व ती युरियाकडे नेते. राख अल्कधर्मी असल्यास युरियातील बरेचसे नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. उरलेले नत्र जलद वाढणारी गवते व गाजरगवतासारखी तणे आधी उचलतात. ती उंच होऊन प्रकाश अडवितात आणि सावकाश वाढणाऱ्या जाती त्यांच्या सावलीत नाहीशा होतात. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८५६ पासून चालू असलेल्या कुरणावरील प्रयोगात खत न दिलेल्या वाफ्यांत सुमारे चाळीस जाती आढळतात. अमोनियम खताची मोठी मात्रा मिळालेल्या व चुना न दिलेल्या वाफ्यांत दोन-तीनच उरल्या. अर्थात तेथे वाढलेली आम्लताही कारणीभूत आहे.

शिसू, खैर, पळस या शेंगावर्गीय वृक्षांच्या मुळांवरील गाठींत जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. तयार नत्र मिळू लागले की गाठी कमी धरतात. विद्राव्य स्फुरद अधिक झाल्यास मुळे व कवक यांचे सहजीवनही मंदावते.

नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) खापरखेडा येथील दहा हेक्टर राखसाठ्यावर सेंद्रिय भर व नत्र स्थिर करणारी जैविक खते वापरून वृक्षलागवड केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काशीद या वृक्षाने इतरांपेक्षा अधिक जड धातू शोषल्याचे दिसून आले. काशीद शेंगावर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर गाठी धरत नाहीत, शिवाय तो मूळचा आग्नेय आशियातील. धातू शोषण्यासाठी तो उपयुक्त असला, तरी केवळ त्याचे रोपवन म्हणजे साग, ऐन, मोह, तेंदू यांचे विदर्भातील पानझडी वन नव्हे.

लावलेल्यांपैकी किती रोपे जगली, एवढेच मोजल्यास भरपूर खत दिलेले रोपवन सरस ठरू शकते. झाडांखाली कोणती गवते, वेली व झुडपे आपोआप आली, याची नोंद ठरावीक चौरसांत दरवर्षी पावसाळ्याअखेर घेतली, तरच झालेली हानी ध्यानी येते. शेणखत खड्ड्यापुरतेच व पहिल्या एक-दोन पावसाळ्यांतच द्यावे. खड्ड्यांबाहेरच्या राखेवर कास आणि रुई यांसारख्या जाती स्वतःहून येतात; तेथे खत पसरू नये.