ड्रायव्हरच्या मागची फळी

कळंबोलीच्या लोखंड बाजाराजवळ रात्री गेलात तर ओळीनं उभे ट्रक दिसतात. दारं सताड उघडी, आणि एखाद्या दारातून बाहेर आलेले दोन पाय. माणूस आत मावलेला नसतो.

जुन्या ट्रकची केबिन बहुतेकदा कारखान्यातून येतच नसे. मालक नुसती चासी घ्यायचा आणि ती बॉडी बांधायला जायची. तमिळनाडूतलं नामक्कल, पंजाबातलं सरहिंद ही गावं या कामासाठी नावाजली. लाकडी चौकट, वर ठोकलेला पत्रा आणि ड्रायव्हरच्या मागे आडवी टाकलेली एक फळी. तिच्यावर रेक्झिनची गादी. दिवसा बसायला, रात्री झोपायला तीच. झोपणार एक, गाडीवर माणसं दोन. म्हणून क्लिनरच्या वाट्याला दोन सीटांमधलं इंजिनचं झाकण. गाडी थांबल्यावरही ते कितीतरी वेळ तापलेलं असतं. पौषात हवंहवंसं वाटतं, वैशाखात पाठ टेकवत नाही. मग दोघंही टपावर चढतात आणि घडी घातलेल्या ताडपत्रीवर आडवे होतात. तिथे डास असतात, पण वारा असतो, शिवाय मालावर लक्ष राहतं.

स्वयंपाकघर केबिनच्या बाहेर. चासीच्या कडेच्या पेटीत स्टोव्ह, कणकेचा डबा, दोन पातेली. खाली टांगलेला पाण्याचा कॅन. काचेच्या वर देव, गोंडे आणि घरच्यांचा फोटो. हात फिरेल तेवढ्या जागेत माणसानं इतकं सगळं बसवलेलं पाहिलं की मला त्याचं फार कौतुक वाटतं.

जागा एवढी कमी का? आपण गरिबीकडे बोट दाखवतो, पण निम्मं कारण मोजपट्टीत आहे. आपल्याकडे एकसंध चौकटीच्या ट्रकची एकूण लांबी 12 मीटरच्या पुढे जाऊ शकत नाही. केबिन फूटभर वाढली की हौदा फूटभर घटतो, आणि भाडं हौद्याचं मिळतं. अमेरिकेत 1982च्या कायद्यानं मुख्य महामार्गांवर ट्रॅक्टर-ट्रेलरच्या एकूण लांबीवरची राज्यांची बंधनं काढली. ट्रेलरचं माप वेगळं धरलं. केबिन वाढवली तरी माल कमी होईना, म्हणून तिथे पलंग, फ्रिज, टेबल आलं.

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे. दुपारी स्टिअरिंगवर बसणाऱ्यासाठी हा मोठाच दिलासा, आणि तो फार उशिरा मिळाला. पण हा एसी साधारणपणे इंजिनावर चालतो. रात्री ढाब्यावर इंजिन बंद केलं की तोही बंद. चालू ठेवावा तर रात्रभर डिझेल जळणार, आणि त्याचा हिशेब मालक मागणार. खुर्ची गार झाली, फळी तशीच तापलेली. तिच्या उशा-पायथ्याशी जाळीच्या दोन खिडक्या आणि बॅटरीवरचा एक पंखा, एवढं तरी यापुढच्या नियमात यायला हवं.