राय धान्यावरील बुरशी आणि एल्‌एस्‌डी

बाजरी फुलोऱ्यांत असतां पावसाची झड लागून राहिली, तर कणसांतून मधासारखा चिकट स्राव गळूं लागतो, आणि पुढें दाण्यांच्या जागीं काळपट, कठीण गांठी धरतात. आपल्याकडील शेतकरी ह्या रोगास अरगट म्हणतात व बियाणें मिठाच्या पाण्यांत घालून वर तरंगणाऱ्या गांठी काढून टाकतात. ह्याच कुळांतील दुसरी एक बुरशी युरोपांत राय नांवाच्या गव्हासारख्या धान्यावर पडते. मध्ययुगांत असल्या धान्याचा पाव खाऊन गांवेंच्या गांवें आजारी पडत; कोणाचे हातपाय काळे पडून झडत, कोणास झटके येत. आणि तरीही तिचाच अल्प अंश सुइणी प्रसूतीच्या वेळीं वापरीत!

स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरीं सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट होफमन हे रसायनशास्त्रज्ञ ह्या बुरशींतील लायसर्जिक आम्लापासून औषधें तयार करीत होते. रक्ताभिसरणास व श्वसनास चालना देणारें औषध मिळावें, हा हेतु होता. १९३८ सालीं त्यांनीं बनविलेल्या मालिकेंतील पंचविसावें संयुग म्हणजेच एल्‌एस्‌डी-२५. जनावरें त्यामुळें जरा अस्वस्थ होतात एवढेंच दिसलें, आणि तें मागें पडलें.

पांच वर्षांनीं होफमन ह्यांनीं तें पुनः तयार केलें. १६ एप्रिल १९४३ रोजीं काम करतां करतां त्यांस चमत्कारिक गुंगी आली. संशय फेडून घ्यावा म्हणून १९ एप्रिलला त्यांनीं २५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग, जाणूनबुजून घेतला. ही मात्रा अगदीं क्षुल्लक आहे असा त्यांचा हिशेब होता. पण ह्या द्रव्याच्या पंचवीस मायक्रोग्रॅमनेंही मनांत फरक जाणवूं लागतो, हें तेव्हां कोणास ठाऊक असणार!

महायुद्धामुळें मोटारींवर निर्बंध होते. म्हणून ते प्रयोगशाळेंतील सहायिकेबरोबर सायकलीनें घरीं निघाले. सायकल जागची हालत नाहीं असें त्यांस वाटे. प्रत्यक्षांत ती वेगानें चालली होती. घरीं दूध घेऊन आलेली शेजारीण त्यांस चेटकीण भासली. आपण वेडे तर झालों नाहीं, किंवा मरत तर नाहीं, ह्या भीतीनें ते गांगरले. डॉक्टरांनीं तपासलें, तों डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्यावांचून शरीरांत कांहींच बिघाड नाहीं. सायंकाळ सरतां सरतां भीति ओसरली व मिटल्या डोळ्यांपुढें रंगीत आकृति नाचूं लागल्या. दुसऱ्या दिवशीं ते ताजेतवाने उठले.

शरीर धड, आणि मन मात्र उधळलेलें, हें कसें? मेंदूंत सेरोटोनिन नांवाचें द्रव्य पेशींपेशींतून निरोप पोंचवितें. तो निरोप घेणाऱ्या कांहीं ग्राहकांत एल्‌एस्‌डी जाऊन बसतें. २०१७ सालीं असें दिसून आलें कीं, ग्राहकाचा एक भाग झांकणासारखा त्यावर पडतो. म्हणूनच अंमल आठ ते बारा तास उतरत नाहीं. तथापि ह्या देखाव्यांचा मसाला त्या माणसाच्या मनांतलाच असतो. त्याची वृत्ति, जागा, सोबत, अपेक्षा ह्यांवर आनंद होणार कीं थरकांप, हें पुष्कळसें ठरतें. ज्याच्या घराण्यांत वेडाचा इतिहास आहे, त्यास धोका विशेष.

होफमन ह्यांस निदान आपण काय घेतलें हें माहीत होतें. १९५३ सालीं अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यानें फ्रँक ओल्सन ह्या शास्त्रज्ञास न कळत मद्यांतून हें द्रव्य पाजलें. त्यांचें मन विस्कटलें, आणि नऊ दिवसांनीं न्यूयॉर्कमधील हॉटेलच्या खिडकींतून पडून ते मरण पावले. राष्ट्राध्यक्ष फोर्ड ह्यांनीं कुटुंबाची क्षमा मागितली ती १९७५ सालीं. शास्त्राच्या नांवाखालीं झालेला हा प्रकार विषप्रयोगाहून वेगळा कसा म्हणावा?

पुढें तरुणांत त्याचें व्यसनवजा वेड पसरलें. सँडोझनें १९६५ सालीं वाटप थांबविलें. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें तें निर्बंधाखालीं आलें, व भारतांत १९८५ च्या कायद्यानें. चोरून विकल्या जाणाऱ्या कागदी तुकड्यांवर तेंच द्रव्य आहे कीं दुसरेंच कांहीं, हें घेणाऱ्यास कळत नाहीं.

होफमन २००८ सालीं, वयाच्या १०२ व्या वर्षीं वारले. स्वित्झर्लंडमध्येंच पुढें प्राणघातक आजारानें चिंताग्रस्त झालेल्या बारा रुग्णांवर एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. प्रत्येकाची संमति आधीं घेतलेली होती, आणि अंमल उतरेपर्यंत चिकित्सक शेजारीं बसून होते. कित्येकांची चिंता कमी झालेली आढळली.