हेल काउंटी: भिंतींमागचे हात

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात काळ्या जमिनीचा एक पट्टा आहे. पावसात पायाला चिकटणारी, उन्हात भेगाळणारी ही माती विदर्भातला शेतकरी लगेच ओळखेल. कापूस इथलाही, आणि तो गुलामांच्या कष्टावर पिकलेला. याच ‘ब्लॅक बेल्ट’मध्ये हेल काउंटी वसली आहे. इथल्या जुन्या वास्तू बघायच्या तर मालकाच्या नावाआधी बांधणाऱ्याचं नाव विचारावं.

प्रेअरीव्हिलचं सेंट अँड्र्यूज चर्च त्यासाठी सगळ्यात योग्य. १८५३ साली काम सुरू झालेली ही छोटीशी लाकडी वास्तू. उभ्या फळ्यांच्या भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या. युरोपात दगडात घडणारी गॉथिक शैली इथे सुतारांनी लाकडात उतरवली; भिंतींना बाहेरून दिलेले आधारसुद्धा लाकडाचेच. आतल्या फळ्यांवरचा तपकिरी रंग तंबाखूच्या काड्या उकळून केला, असं सांगतात. शेतात पिकणारं, हाताशी असणारं तेच वापरलं. पीटर ली आणि जो ग्लासगो हे इथले मुख्य सुतार. दोघेही गुलाम. त्या काळातल्या बहुतेक गुलाम कारागिरांची नावंही उरली नाहीत. या दोघांची उरली, याचं मला फार मोल वाटतं.

काउंटीचं मुख्य गाव ग्रीन्सबरो. तिथला मॅग्नोलिया ग्रोव्ह हा वाडा १८४० च्या सुमाराचा, ग्रीक मंदिरासारख्या खांबांचा. पर्यटक दर्शनी भागाचे फोटो काढतात. मागे स्वयंपाकघर आणि गुलामांची खोली आहे, तिथे थोडा वेळ थांबायला हवं; समोरचं वैभव कोणाच्या घामावर उभं होतं ते तिथेच कळतं.

गावातल्या एका साध्या, एकामागे एक खोल्या असलेल्या घरात २१ मार्च १९६८ च्या रात्री मार्टिन ल्यूथर किंग यांना कु क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेपासून लपवलं होतं. दोनच आठवड्यांनी मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली. त्या घरात आता ‘सेफ हाउस’ संग्रहालय आहे. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात अशा घराला जागा मिळत नाही. माझ्या लेखी मात्र काउंटीतली ही सर्वांत थोर वास्तू.

बांधण्याची परंपरा इथे थांबलेली नाही. १९९३ मध्ये ऑबर्न विद्यापीठाच्या सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी ‘रूरल स्टुडिओ’ सुरू केला. वास्तुकलेचे विद्यार्थी इथे येऊन राहतात आणि गरिबांसाठी स्वतःच्या हातांनी घरं बांधतात. मेसन्स बेंड या वस्तीतलं समाजमंदिर २००० सालचं. भिंती ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या, आणि वर भंगारातल्या शेव्हरले गाड्यांच्या पुढच्या काचा, माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवलेल्या. जुन्या टायरांतून उभं राहिलेलं एक प्रार्थनास्थळही याच विद्यार्थ्यांचं.

मॉकबी २००१ च्या डिसेंबरात गेले, काम चालू राहिलं. काउंटीतल्याच न्यूबर्न गावात त्यांच्या मागून आलेल्या विद्यार्थ्यांनी अग्निशमन केंद्र बांधलं, गावाचं सभागृह बांधलं, आणि बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत वाचनालय उघडून दिलं.