एचआयव्ही-चाचणीचा निष्कर्ष व त्याची विश्वसनीयता : भूम तालुक्याच्या संदर्भात

चाचणीच्या पट्टीवर उमटलेली रेषा हाच रोगाचा पुरावा, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. या समजापायी निरोगी माणसाचा संसार मोडू शकतो आणि बाधित माणूस खोट्या निश्चिंतीत राहू शकतो. म्हणून निष्कर्षाचा अर्थ कोणत्या मर्यादेत लावावयाचा, याचा येथे विचार केला आहे.

प्रचलित शीघ्र चाचणी बहुधा विषाणूचा नव्हे, तर त्याविरुद्ध शरीरात निर्माण झालेल्या प्रतिपिंडांचा शोध घेते. तिचे मूल्य दोन गुणांवर ठरते. बाधितांना अचूक हेरण्याची शक्ती ती संवेदनक्षमता. अबाधितांना अचूक वगळण्याची शक्ती ती विशिष्टता. परंतु हे दोन्ही गुण उत्तम असूनही निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

समजा, भूम तालुक्यातील १०,००० प्रौढांची तपासणी केली. भारतातील प्रौढांत बाधितांचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे. तेच येथे गृहीत धरल्यास २० जण बाधित व ९,९८० अबाधित ठरतील. संवेदनक्षमता पूर्ण आणि विशिष्टता ९९ टक्के मानली, तर २० खऱ्या होकारांबरोबर सुमारे १०० खोटे होकार येतील. म्हणजे दर सहा होकारांपैकी पाच खोटे! हा चाचणीचा दोष नव्हे. रोग विरळ असल्याचा तो गणिती परिणाम होय. बाधितांचे प्रमाण १० टक्के असलेल्या गटात त्याच चाचणीने १,००० खरे व केवळ ९० खोटे होकार मिळतील.

यास्तव प्राथमिक तपासणीतील होकार हा निदान न मानता त्या व्यक्तीस एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राकडे पाठवितात. तेथे लक्षणे नसलेल्या व्यक्तीच्या बाबतीत भिन्न प्रतिजनांवर वा तत्त्वांवर आधारलेल्या तीन चाचण्या होकारार्थी आल्यावरच बाधा निश्चित मानली जाते. निष्कर्षांत मेळ नसल्यास व बाधा संदिग्ध ठरल्यास दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा नमुना घेतात.

नकारालाही मर्यादा आहेत. संसर्गानंतर प्रतिपिंड मोजण्याइतके वाढेपर्यंतच्या काळास ‘विंडो पीरियड’ म्हणतात. शीघ्र चाचणीत तो तीन महिन्यांपर्यंत असू शकतो. त्या अवधीतील नकार निर्णायक नसतो. भूम परिसरातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीच्या हंगामात दूरवर जातात. पुनर्तपासणीचा दिवस नेमका त्याच काळात आला, तर संदिग्ध निष्कर्ष संदिग्धच राहतो. म्हणून निघण्यापूर्वीच पुढील तपासणीचे स्थळ व तारीख ठरविणे हाही विश्वसनीयतेचाच भाग मानला पाहिजे.

अर्भकाची गोष्ट निराळी. बाधित मातेचे प्रतिपिंड बालकाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत आढळू शकतात. त्यामुळे त्याचा होकार हा मातेचा वारसा असू शकतो, बाधेचा निश्चित पुरावा नव्हे. अशा बालकासाठी सहाव्या आठवड्यापासून विषाणूच्या जनुकद्रव्याची तपासणी करतात.

२०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाने चाचणीपूर्वी संमती व निष्कर्षाची गुप्तता आवश्यक ठरविली आहे. अपुऱ्या पुराव्यावरचा होकार गावात फुटला, तर पुढील दोन चाचण्यांचा नकार झालेली हानी भरून काढू शकत नाही. निष्कर्ष वाचताना म्हणून तीन प्रश्न विचारावेत : कितवी चाचणी, संभाव्य संसर्गानंतर किती दिवसांनी, आणि कोणत्या लोकसमूहात?